पेशंट घरी आला, पण इन्फेक्शन कंट्रोल हॉस्पिटलमध्येच राहिलं का? अहिल्यानगरच्या निमित्ताने समजून घ्या

पॅरालिसिसचा झटका आलेले आजोबा दहा-बारा दिवसांनी हॉस्पिटलमधून घरी येतात. लघवीसाठी नळी आहे, जेवणासाठी नाकात नळी आहे आणि कमरेखाली बेडसोर व्हायला लागलाय. डिस्चार्ज कार्डवर लिहिलंय, 'एक दिवसाआड ड्रेसिंग, कॅथेटरची काळजी घ्या.' काळजी घ्यायची म्हणजे नेमकं काय करायचं, ते कार्डवर नाही.

घरचे विचारपूस करतात. कुणीतरी सांगतं, "पलीकडच्या गावात एक सिस्टर आहेत, ड्युटी संपली की घरी येऊन करून देतात." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सिस्टर स्कूटीवरून वस्तीवर पोहोचतात. खांद्याला बॅग. आल्या आल्या विचारतात, "हात कुठं धुऊ?"

आतून उत्तर येतं, "राहू द्या हो सिस्टर, आधी चहा घ्या."

हे कुठल्या एका घरातलं दृश्य नाही. पण घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, तर ते ओळखीचं वाटेल. हात धुण्याचा हा साधा प्रश्न चहावर टोलवला गेला, की पुढे काय होऊ शकतं, तेच इथं समजून घ्यायचंय.

हॉस्पिटलमधल्या संसर्गाबद्दल आपण बरंच बोलतो. पण तीच नळी, तीच सुई आणि तीच जखम घरी आली, की संसर्ग रोखण्याची जबाबदारी कुणाची? घरी येणाऱ्या नर्सची, घरच्यांची, की सरकारची?

या प्रश्नाचं अर्धं उत्तर अहिल्यानगर जिल्ह्यातच पन्नास वर्षांपूर्वी मिळालेलं आहे. पण आधी प्रश्न नीट समजून घेऊ.

घरी नर्स बोलावण्याची वेळ का येते?

अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पर्यंतचं अहमदनगर, हा क्षेत्रफळाने राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा. १७ हजार चौरस किलोमीटरहून जास्त पसारा आणि १४ तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ४५ लाखांच्या वर, आणि त्यातले जवळपास ८० टक्के लोक ग्रामीण भागात.

जिल्ह्याच्या एका टोकाला अकोल्याचा डोंगराळ आदिवासी पट्टा आहे, तर दुसऱ्या टोकाला जामखेड, कर्जत, पाथर्डीचा दुष्काळी भाग. मध्ये राहाता, श्रीरामपूर, कोपरगावचा कालव्याच्या पाण्यावरचा ऊसपट्टा. मोठी हॉस्पिटलं नगर शहर, लोणी, संगमनेर अशा मोजक्या ठिकाणी. ज्या पेशंटला उठून बसता येत नाही, त्याला एका ड्रेसिंगसाठी गाडी करून तिथं नेणं म्हणजे पैसा, एक दिवसाची मजुरी आणि पेशंटचे हाल.

त्यात हॉस्पिटलचं बिल वाढू नये म्हणून पेशंट लवकर घरी आणला जातो. डायबेटिसमुळे पायाच्या जखमा महिनोन्‌महिने चालतात. घरातली तरुण मुलं पुण्याला किंवा मुंबईला असतात. कोव्हिडच्या काळात घरीच उपचार घ्यायची सवयही अनेकांना लागली. त्यामुळे घरी येऊन इंजेक्शन, ड्रेसिंग, नळी बदलणं, सलाईन अशी कामं करणाऱ्यांची गरज वाढली.

ही कामं करणारे सगळे सारखे नसतात. काही जण जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग केलेले नोंदणीकृत सिस्टर आणि ब्रदर असतात. काही एएनएम असतात. काही जणी ब्युरोमार्फत येणाऱ्या किंवा ओळखीतून आलेल्या 'पेशंट सांभाळणाऱ्या मावशी' असतात, ज्यांनी काम बघून बघून शिकलेलं असतं. घरच्यांसाठी मात्र सगळ्याच 'सिस्टर'.

हॉस्पिटलमध्ये संसर्ग कसा रोखला जातो?

हॉस्पिटलमध्ये एकट्या नर्सवर सगळं सोडलेलं नसतं. तिच्यामागे एक यंत्रणा असते, निदान असावी अशी अपेक्षा असते.

बेसिन असतं, सॅनिटायझर असतं, निर्जंतुक केलेला ड्रेसिंगचा ट्रे असतो. मोठ्या हॉस्पिटलमध्ये संसर्ग नियंत्रण समिती असते. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या अशा चार रंगांत कचरा वेगळा करावा लागतो. सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात जातात. प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. तो न्यायला वेगळी गाडी येते.

सरकारी दवाखान्यांसाठी २०१५ पासून 'कायाकल्प' योजना आहे. त्यात स्वच्छता आणि संसर्ग नियंत्रणाला गुण दिले जातात आणि चांगल्या दवाखान्यांना बक्षीस मिळतं. जानेवारी २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने संसर्ग नियंत्रणाच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांच्या नावातच 'आरोग्य संस्थांमधील' असा उल्लेख आहे.

म्हणजे बहुतेक नियम दवाखान्याच्या गेटपर्यंत येतात. पेशंट गेटच्या बाहेर पडून घरी येतो, नळी आणि जखम त्याच्यासोबत येते. यंत्रणा मात्र मागे राहते.

मग घरी नेमकं काय बिघडतं?

पहिली गोष्ट म्हणजे हात. जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याच्या पाच वेळा सांगितल्या आहेत: पेशंटला हात लावण्याआधी, ड्रेसिंग किंवा नळीसारखं निर्जंतुक काम करण्याआधी, रक्त-लघवी-पू यांच्याशी संपर्क आल्यावर, पेशंटला हात लावून झाल्यावर आणि पेशंटच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावल्यावर. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद किंवा अल्कोहोलच्या सॅनिटायझरने २० ते ३० सेकंद.

आता हेच एखाद्या वस्तीवरच्या घरात करून बघा. नळ अंगणात, पेशंट आतल्या खोलीत. उन्हाळ्यात पाणी टँकरचं. साबण न्हाणीघरात, आणि पुसायला सगळ्या घराचा मिळून एक टॉवेल. हात धुऊन त्याच टॉवेलला पुसले, तर धुण्याचा अर्धा फायदा गेला. म्हणूनच घरी जाणाऱ्या नर्सच्या बॅगेत सॅनिटायझरची बाटली आणि टिश्यू असणं गरजेचं. पण ते कुणी द्यायचं? बहुतेक वेळा सिस्टर स्वतःच्या पैशाने आणतात.

अडचण फक्त गरीब देशांत आहे असंही नाही. अमेरिकेत घरोघर जाणाऱ्या नर्सच्या भेटींचं प्रत्यक्ष निरीक्षण केलं, तेव्हा हात स्वच्छ करायला हवेत अशा प्रसंगांपैकी निम्म्याहून कमी वेळा ते केलेले दिसले. तिथं तर नळाला चोवीस तास पाणी आहे. घर ही जागाच हॉस्पिटलसारखं काम करण्यासाठी बनलेली नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे बॅग. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात 'बॅग टेक्निक' शिकवलं जातं. घरी गेल्यावर बॅग जमिनीवर किंवा पलंगावर ठेवायची नाही, खाली कागद पसरायचा. बॅग उघडण्याआधी हात धुवायचे. लागेल तेवढंच सामान एकदाच बाहेर काढायचं. वापरलेली वस्तू स्वच्छ वस्तूंमध्ये परत टाकायची नाही. कारण ही बॅग दिवसभरात चार-पाच घरं फिरते. एका घरातल्या जखमेचे जंतू दुसऱ्या घरात नेण्याचा तो सोपा रस्ता आहे. परीक्षेला हे सगळ्यांना येतं. पण संध्याकाळी पाच पेशंट उरकायचे असतील, तर कागद पसरणं पहिलं सुटतं.

लघवीची नळी: सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथंच

नळी जितके दिवस आत, तितका धोका जास्त. संशोधन सांगतं की कॅथेटर असलेल्या पेशंटच्या लघवीत जंतू सापडण्याची शक्यता दर दिवसाला ३ ते ७ टक्क्यांनी वाढत जाते. महिनाभर नळी राहिली, तर जवळपास प्रत्येकाच्या लघवीत जंतू असतात.

इथं एक गोष्ट समजून घेणं महत्त्वाचं आहे. लघवीत जंतू सापडले म्हणजे संसर्ग झालाच असं नाही. ताप, थंडी, पोटात दुखणं, अचानक गोंधळल्यासारखं बोलणं अशी लक्षणं नसतील, तर फक्त लघवी गढूळ दिसते म्हणून अँटिबायोटिक सुरू करणं चुकीचं ठरू शकतं. अशी औषधं वारंवार दिली, की जंतू त्यांना दाद देईनासे होतात. मग खरा संसर्ग होतो तेव्हा साधं औषध चालत नाही आणि पेशंटला पुन्हा ॲडमिट करावं लागतं.

नळीची काळजी तशी सोपी आहे. लघवीची पिशवी कायम कमरेच्या खालच्या पातळीवर ठेवायची, पण जमिनीला टेकू द्यायची नाही. ती दोन तृतीयांश भरण्याआधी रिकामी करायची, आणि रिकामी करण्याआधी व नंतर हात धुवायचे. नळी आणि पिशवीचा जोड विनाकारण उघडायचा नाही. नळीच्या तोंडाजवळची जागा रोज साबण-पाण्याने स्वच्छ करायची. आणि दर वेळी डॉक्टरांना विचारायचं, "नळी अजून लागणारच आहे का?" कारण नळी वेळेत काढणं हा संसर्ग टाळण्याचा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे.

जखम आणि घरगुती उपाय

बेडसोरच्या बाबतीत नर्सचं काम अनेकदा घरच्यांच्या प्रेमाशी भिडतं. सिस्टर ड्रेसिंग करून जातात आणि मागे कुणीतरी आजी हळद भरते, कुणी पावडर टाकते. हेतू चांगला असतो. पण स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते. उघड्या जखमेत ती अडकून बसते आणि आत पू झालाय की नाही, तेही दिसत नाही.

ड्रेसिंगइतकंच महत्त्वाचं म्हणजे पेशंटची कूस साधारण दर दोन तासांनी बदलणं. ते सिस्टर करू शकत नाहीत, कारण त्या दिवसातून अर्धा तास येतात. उरलेले साडेतेवीस तास घरच्यांचे. म्हणून चांगली नर्स ड्रेसिंग करता करता घरच्यांना शिकवते. पण तिला पैसे मिळतात ते ड्रेसिंगचे. शिकवण्याचे कुणी देत नाही.

एका सुईने काय होऊ शकतं?

२०१८ च्या सुरुवातीला उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यातलं बांगरमऊ देशभर चर्चेत आलं. तपासणी शिबिरांमध्ये तिथल्या ४० हून अधिक लोकांना एचआयव्हीची लागण झाल्याचं समोर आलं. घरोघर फिरून स्वस्तात इंजेक्शन देणाऱ्या एका बोगस डॉक्टरने एकच सिरिंज अनेकांना वापरल्याचा आरोप झाला.

तो माणूस नर्स नव्हता, प्रशिक्षित तर नव्हताच. पण या घटनेतून एक गोष्ट कळते. घराच्या चार भिंतींत दिलेलं इंजेक्शन कुणी बघत नाही. सुई नवीन होती का, औषधाची बाटली आधी कुणासाठी उघडली होती का, हे विचारणारं तिथं कुणी नसतं.

आणि हा प्रश्न बोगस डॉक्टरांपुरता नाही. २००२ ते २००४ दरम्यान भारतात झालेल्या एका मोठ्या देशव्यापी अभ्यासात सुमारे ६३ टक्के इंजेक्शनं असुरक्षित पद्धतीने दिली जात असल्याचं आढळलं होतं. त्यानंतर एकदाच वापरायच्या सिरिंज सगळीकडे पोहोचल्या आणि परिस्थिती सुधारली. पण 'अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा' ही मागणी गावागावांत अजून आहे. गरज नसलेलं प्रत्येक इंजेक्शन आणि प्रत्येक सलाईन म्हणजे जंतूंना शरीरात शिरायला एक जादा दार. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय सलाईन लावायला नकार देणारी सिस्टर घरच्यांना हट्टी वाटते. खरं तर ती तिचं काम नीट करत असते.

वापरलेली सुई कुठं जाते?

आता सगळ्यात अवघड प्रश्न. ड्रेसिंग झालं, इंजेक्शन झालं. रक्ताने माखलेला गॉज, सिरिंज आणि सुई यांचं काय करायचं?

हॉस्पिटलमध्ये असती, तर ही सुई जैववैद्यकीय कचरा ठरली असती आणि तिच्यासाठी वेगळी गाडी आली असती. तीच सुई घरात वापरली गेली, की ती दुसऱ्या नियमांत जाते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरातल्या वापरलेल्या सुया, सिरिंज आणि दूषित गॉज 'घरगुती घातक कचरा' या गटात टाकले. म्हणजे कागदावर त्या जुन्या बॅटऱ्या आणि रंगाच्या डब्यांच्या रांगेत आल्या. असा कचरा जमा करण्यासाठी दर २० चौरस किलोमीटरला किमान एक केंद्र असावं, असंही या नियमांत होतं. पण हे नियम मुख्यतः शहरी भाग डोळ्यांसमोर ठेवून केलेले होते.

प्रत्यक्षात काय होतं? शहरात सुई घंटागाडीत जाते. वस्तीवर ती उकिरड्यावर किंवा बांधाला जाळायच्या ढिगात जाते. मग ती टोचते सफाई कामगाराला, कचरा वेचणाऱ्या बाईला किंवा उकिरड्याजवळ खेळणाऱ्या मुलाला. डायबेटिसमुळे घरात रोज इन्सुलिन घेणाऱ्यांच्या सुयाही याच वाटेने जातात. तिथं तर नर्सचाही संबंध नसतो.

असं होऊ नये म्हणून काय करता येतं, हे कोव्हिडच्या काळात दिसलं होतं. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने होम क्वारंटाइनमधला कचराही पिवळ्या पिशवीत वेगळा जमा करण्याच्या सूचना दिल्या होत्या. म्हणजे घरातला वैद्यकीय कचरा वेगळा उचलण्याची कल्पना आपल्या यंत्रणेला नवी नाही.

आणि सुई नर्सलाच टोचली तर?

संसर्ग नियंत्रण म्हटलं की आपण पेशंटचा विचार करतो. पण धोका दोन्ही बाजूंनी असतो.

लस न घेतलेल्या व्यक्तीला हेपेटायटिस-बी असलेल्या पेशंटची सुई टोचली, तर लागण होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के असते. एचआयव्हीच्या बाबतीत ती सुमारे ०.३ टक्के. हेपेटायटिस-बीवर लस आहे. एचआयव्ही टाळण्यासाठी २८ दिवसांचा औषधांचा कोर्स असतो. तो शक्यतो दोन तासांत सुरू करावा लागतो, आणि ७२ तास उलटून गेल्यावर त्याचा उपयोग होत नाही.

हॉस्पिटलमधल्या नर्सला हे सगळं मिळावं अशी नियमांची अपेक्षा आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी कर्मचाऱ्यांना हेपेटायटिस-बी आणि धनुर्वाताची लस देणं संस्थेवर बंधनकारक केलंय. पण घरी जाणाऱ्या सिस्टरची संस्था कोणती? ती स्वतःच. रात्री आठ वाजता पाथर्डीच्या एखाद्या वाडीवर सुई टोचली, तर लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने हात धुऊन सरकारी रुग्णालय गाठायचं, हे तिला माहीत हवं. आणि तिथं पोहोचेपर्यंत घड्याळ चालू असतं.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रात नर्सची नोंदणी १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका कायद्यानुसार महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे होते. देशपातळीवर २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा कायदा आला. नर्सिंग होमसाठी राज्यात १९४९ चा नोंदणी कायदा आहे.

यातला पहिला आणि दुसरा कायदा माणसाची पात्रता बघतो. तिसरा कायदा इमारत आणि खाटा बघतो. घरातली खोली आणि तिथं होणारी सेवा यांच्या मध्येच राहून जाते. 'पेशंट सांभाळणाऱ्या मावशी' तर या कुठल्याच चौकटीत नाहीत, आणि अनेक घरांत सगळ्यात जास्त वेळ त्याच पेशंटजवळ असतात.

सरकारी योजनांमध्ये तरतूद आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्यासाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या घरभेटी धरलेल्या आहेत. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांमध्येही वृद्धांची आणि पॅलिएटिव्ह सेवा येते. पण लसीकरण, गरोदर माता, सर्व्हे आणि ऑनलाइन नोंदी यांतून आरोग्य सेविकेला बेडसोरपर्यंत पोहोचायला किती वेळ उरतो, हा खरा प्रश्न आहे.

जामखेडने काय करून दाखवलं?

१९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दाम्पत्य जामखेडला आलं आणि त्यांनी सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तेव्हा बाळंतपणं घरीच व्हायची. अस्वच्छ हातांनी, अस्वच्छ ब्लेडने नाळ कापल्यामुळे नवजात बाळांना धनुर्वात व्हायचा. दूषित पाण्यामुळे मुलं जुलाबाने दगावायची. म्हणजे मुळात हा घरातल्या संसर्गाचाच प्रश्न होता.

आरोळेंनी आधी गावात एएनएम ठेवायचा प्रयत्न केला. तो चालला नाही. मग गावातल्याच बायका निवडल्या. त्यातल्या अनेक जणी निरक्षर होत्या, अनेक दलित कुटुंबांतल्या होत्या. त्या नियमित जामखेडला यायच्या, शिकायच्या, गावात जाऊन करायच्या आणि पुन्हा अडचणी घेऊन परत यायच्या. हात धुणं, स्वच्छ बाळंतपण, पाणी, लस, पोषण असं सगळं एकत्र.

प्रकल्पाच्या आकडेवारीनुसार, १९७१ मध्ये या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे १७६ अर्भकं दगावत होती. १९९३ पर्यंत हा आकडा १९ वर आला. याचं श्रेय एकट्या हात धुण्याला देता येणार नाही. लस, अन्न, पाणी आणि बायकांची गावातली पत हे सगळं त्यात आलं. १९७९ मध्ये आरोळे दाम्पत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने हीच वाट आणखी पुढे नेली. ३९ गावांत प्रशिक्षित महिलांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, जंतुसंसर्ग ओळखला आणि त्यावर घरीच उपचारही केले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला होता.

त्याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशा ताईंच्या नवजात बाळासाठीच्या घरभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ४२ दिवसांत सहा भेटी, घरी झालं तर सात. प्रशिक्षण आहे, किट आहे, भरायचा फॉर्म आहे, वर देखरेख आहे आणि वेगळा मोबदला आहे. बाळाला हात लावण्याआधी हात धुवायचे, हे त्यात शिकवलेलं असतं. २०१५ मध्ये भारतातून माता आणि नवजात धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं.

म्हणजे घरातला संसर्ग रोखता येतो, हे याच राज्याने सिद्ध केलंय. त्यासाठी घरी जाणाऱ्या बाईच्या मागे चार गोष्टी उभ्या राहाव्या लागतात: शिक्षण, सामान, देखरेख आणि मोबदला. बाळासाठी आपण ही चौकट उभी केली. अंथरुणावरच्या आजोबांसाठी ती तितकी पक्की नाही.

मग आता काय करता येईल?

यासाठी मोठं हॉस्पिटल बांधायची गरज नाही. केरळने २००८ मध्ये पॅलिएटिव्ह सेवेचं धोरण आणलं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत घरोघर जाणाऱ्या नर्स नेमल्या. पंचायतीला माहीत असतं की आपल्या गावात अंथरुणाला खिळलेलं कोण आहे.

अहिल्यानगरसारख्या जिल्ह्यात काही पावलं लगेच उचलता येण्यासारखी आहेत. पेशंटला घरी सोडतानाच हॉस्पिटलने घरच्या एका माणसाकडून ड्रेसिंग आणि नळीची काळजी करून घ्यावी आणि मराठीत एक पानाची सूचना द्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्राने गावातल्या वापरलेल्या सुया डब्यासकट स्वीकाराव्यात, कारण त्यांच्याकडे जैववैद्यकीय कचऱ्याची व्यवस्था असतेच. खासगी काम करणाऱ्या नर्स आणि मावशींना हेपेटायटिस-बीची लस आणि दोन दिवसांचं प्रशिक्षण मिळावं. जिल्ह्यात नर्सिंग कॉलेजं आहेत, शिकवणारी माणसं आहेत.

तुमच्या घरी नर्स येत असेल, तर हे करा

- सिस्टर येण्याआधी साबण, पाणी आणि स्वच्छ, वेगळा टॉवेल किंवा टिश्यू तयार ठेवा. चहा नंतर द्या.
- बॅग ठेवायला स्टूल द्या, त्यावर स्वच्छ कागद पसरा. खोलीत उजेड आणि हवा येऊ द्या.
- नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा. विचारण्यात अपमान नाही. मावशी असतील तर नळी बदलणं, इंजेक्शन अशी कामं त्यांच्यावर टाकू नका.
- सिरिंज आणि सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून काढायला सांगा. इन्सुलिनचं पेन घरातल्या दोघांनाही मिळून वापरू नका, सुई बदलूनसुद्धा नाही.
- सुईला पुन्हा टोपण लावू नका. फिनाईलच्या जाड प्लास्टिक बाटलीसारख्या झाकणाच्या बाटलीत टाका, त्यावर 'सुया' असं लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. तीन चतुर्थांश भरली की बंद करून आरोग्य केंद्रात किंवा औषध देणाऱ्या डॉक्टरांकडे घेतात का, ते विचारा.
- जखमेवर हळद, पावडर, राख काहीही टाकू नका.
- हाताला सलाईनची सुई ठेवलेली असेल आणि तिथं लाल झालं, सुजलं किंवा दुखलं, तर लगेच सांगा. गरज संपली की ती काढायला सांगा.
- १००.४ फॅरनहाइटपेक्षा जास्त ताप, थंडी वाजणं, लघवी कमी होणं किंवा तीत रक्त येणं, जखमेतून पू किंवा घाण वास, भोवतीचा लालसरपणा पसरणं, वृद्ध माणसाने अचानक असंबद्ध बोलणं, यांपैकी काहीही दिसलं तर पुढच्या भेटीची वाट बघू नका. डॉक्टरांना फोन करा.

घरी येणारी नर्स बहुतेक वेळा दिवसभराची ड्युटी करून, स्वतःचं पेट्रोल घालून, स्वतःचे ग्लोव्हज आणून येते. काही चुकलं तर दोष तिच्यावर येतो. बरोबर झालं तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण न झालेला संसर्ग दिसत नाही.

तिच्यामागे यंत्रणा उभी राहायला वेळ लागेल. तोपर्यंत ती दारात उभी राहून "हात कुठं धुऊ?" असं विचारेल, तेव्हा तिला आधी पाणी आणि साबण द्या.